मुलाने शाळेतून आणलेला ‘ओनी’चा मुखवटा आणि नोव्हेंबरात वाचायची एक गोष्ट: सल्ला हवा आहे

रानजाई

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. प्रश्न दोन आहेत, पण एकाच कार्यक्रमाचे, म्हणून एकत्र विचारते.

आम्ही एप्रिलपासून जपानच्या उत्तरेला, इवाते प्रांतातल्या किताकामी गावात राहतो. नवरा सेमीकंडक्टरच्या कारखान्यात आहे. मुलगा नऊ वर्षांचा, इथल्याच सरकारी शाळेत तिसरीत. शाळेत मुलांना ‘ओनी-केनबाई’ नावाचा नाच शिकवतात. चित्रकलेच्या तासाला त्यांनी कागदाच्या लगद्याचे मुखवटे केले. आमच्या चिरंजीवांनी निळा रंगवून घरी आणला आणि हॉलमध्ये टांगला. वटारलेले डोळे, विचकलेले दात, जाड भुवया.

सध्या सासूबाई आल्या आहेत, वाईहून. दिवाळी इथेच करून जाणार. मुखवटा नेमका त्यांच्या छोट्या देव्हाऱ्याच्या समोरच्या भिंतीवर. पहिल्या संध्याकाळी दिवा लावताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “राक्षसाचं तोंड देवासमोर नको गं.” मुलगा रडवेला झाला. “आजी, हा वाईट नाहीये” एवढंच तीनतीनदा म्हणत राहिला, कारण पुढचं सगळं त्याला जपानीतच येतं. मी शब्दकोश उघडला तर ओनी म्हणजे राक्षसच लिहिलंय! आता मुखवटा कपाटात आहे आणि घरात तिघांचीही तोंडं उतरलेली. खरं काय आहे हे?

दुसरा प्रश्न. ३ नोव्हेंबरला इथे संस्कृतिदिनाची सुट्टी असते. त्या दिवशी वस्तीच्या केंद्रात (जुनी माणसं त्याला अजून कोमिनकानच म्हणतात) वार्षिक उत्सव आहे. इकेबाना, सुलेखन, शेवंतीच्या कुंड्यांचं प्रदर्शन, हाताने केलेल्या सोबा शेवया, आणि स्टेजवर मुलांचं ओनी-केनबाई. त्याच्या लगेच नंतर मला ‘कामिशिबाई’ करायला सांगितलंय, म्हणजे चित्रांचे जाड कागद लाकडी चौकटीत घालून एकेक ओढत गोष्ट सांगायची. जपानीत आणि मराठीतही. पंधरा मिनिटं. ग्रंथालयाने तीन संच दिले आहेत: मोमोतारो, कासा-जिझो आणि कप्पाची (पाण्यात राहणारा लोककथांतला प्राणी) एक गोष्ट. माझं जपानी एन थ्रीपर्यंत, म्हणजे भाषेच्या परीक्षेच्या मधल्या पातळीपर्यंत. कोणती घेऊ? आणि कशी सांगू? ज्या बायकांनी मला बोलावलंय त्यांनीच मला इथला कचरा वेगळा करण्यापासून लोणचं घालण्यापर्यंत सगळं शिकवलंय. त्यांच्यासमोर नीट व्हावं एवढीच इच्छा आहे.

---

दौत

रानजाई, स्वागत. मी पुण्यात जपानी शिकवते, म्हणून शब्दापुरतं बोलते.

‘ओनी’ला मराठीत एक नेमका शब्द नाही. राक्षस, भूत, यमदूत, रानटी दांडगा देव, सगळं त्यात येतं. ३ फेब्रुवारीच्या सुमाराला सेत्सुबुन असतं तेव्हा भाजलेले सोयाबीन फेकत ‘ओनी वा सोतो, फुकु वा उचि’ म्हणतात, म्हणजे ओनी बाहेर, सुख आत. तो ओनी नक्कीच नको असलेला पाहुणा. पण तुमच्या प्रांताचं नावच बघा. मोरिओका शहरातल्या मित्सुइशी देवळात तीन प्रचंड शिळा आहेत. लोकांना छळणाऱ्या एका ओनीला देवाने त्या शिळांना बांधलं. तेव्हा त्याने परत येणार नाही म्हणून शब्द दिला आणि खूण म्हणून शिळेवर हाताचा पंजा उमटवला, अशी कथा आहे. ‘इवा’ म्हणजे खडक, ‘ते’ म्हणजे हात. ओनीच्या सहीवरून नाव पडलेल्या प्रांतात तुम्ही राहता!

गोष्टीसाठी मी डोळे मिटून मोमोतारो सुचवेन. सोपी भाषा, सगळ्यांना पाठ, पीच फळातून निघालेला मुलगा, कुत्रा-माकड-फेझंट पक्षी, शेवटी विजय. शिवाय मोमोतारो हा ओकायामाचा मानबिंदू. तिथल्या विमानतळालाही त्याचंच नाव आहे. आणि आपल्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेलं आहे. सुरुवातीला हे दोन वाक्यांत सांगितलंत तर छान धागा जुळेल.

---

उत्तरवारा

रानजाई ताई, मी तुमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर राहतो. मूळचा गुहागर तालुक्यातला, २००९ पासून इवातेत. गेली बारा-तेरा वर्षं इथल्या एका केनबाई मंडळात झांजा वाजवतो. त्यामुळे हा धागा वाचून जेवण अर्धवट टाकून लिहायला बसलोय. मोठं होईल, सांभाळून घ्या.

आधी एक करा. मुखवटा कपाटातून काढा, सासूबाईंच्या हातात द्या आणि त्यांना कपाळावरून बोट फिरवायला सांगा. शिंगं सापडणार नाहीत. सेत्सुबुनच्या ओनीला शिंगं असतात, ओनी-केनबाईच्या एकाही मुखवट्याला नसतात. मुलाने विसरून सोडली असं नाही. त्याच्या गुरुजींनी त्याला बरोबर शिकवलंय.

या नाचाचं जुनं नाव नेनबुत्सु-केनबाई. नेनबुत्सु म्हणजे ‘नामु आमिदा बुत्सु’ हा जप, आपल्या भाषेत नमो अमिताभ बुद्ध. मेलेल्यांना चांगली गती मिळावी म्हणून जप करत करायचा नाच. मुखवटे उग्र, म्हणून लोकांनी त्याला ओनी म्हटलं आणि तेच नाव राहिलं. मुखवट्यामागे आहेत ते म्योओ, म्हणजे संस्कृतातले विद्याराज. त्यांतला मुख्य फुदो म्योओ, मूळ नाव अचल. हातात तलवार, मागे ज्वाळा, चेहरा रागावलेला. गोड बोलून जे ऐकत नाहीत त्यांना वळणावर आणण्यासाठी बुद्धाने घेतलेलं रूप अशी इथली समजूत. सासूबाई वाईच्या आहेत ना? मग धोमच्या नृसिंहाच्या देवळात त्या गेल्या असणारच. त्या मूर्तीचं तोंड काय सौम्य आहे? हे त्यांना माझ्या नावाने विचारा. रागावणार नाहीत.

आमच्याकडे शिमग्याला संकासूर येतो. काळा पोशाख, डोक्यावर उंच टोपडं, पांढऱ्या दाढीचा मुखवटा, कमरेला घुंगरं. नाव असुराचं, पण दारात आला की आई नारळ आणि तांदूळ घेऊन बाहेर यायची आणि धाकट्या भावाला त्याच्या पायावर घालायची. मी इथे पहिल्यांदा केनबाई पाहिलं ते एका घराच्या अंगणात. आठ जण मुखवटे घालून आले, घरातली म्हातारी उंबऱ्यावर गुडघे टेकून बसली. मला वाटलं मी वेळणेश्वरच्या वाटेवरच कुठेतरी उभा आहे. दुसऱ्याच आठवड्यात मंडळात नाव घातलं.

आता नाच. मुखवटे पांढरे, निळे, लाल, काळे. दिशांचे आणि ऋतूंचे रंग म्हणतात. पांढरा एकच, तो म्होरक्याचा. मुलाचा निळा आहे म्हणजे तो रांगेतला, हे त्याला सांगा, त्याला माहीत असेलच. डोक्यावर घोड्याच्या केसांचा झुबका, हातात पंखा आणि तलवार. पाऊल बघा त्याचं. आधी गुडघा वर, मग जमिनीत गच्च. त्या पावलाला हेनबाई म्हणतात. जमिनीतलं वाईट काही असेल ते दाबून टाकायचं. ‘केनबाई’ हा शब्दही त्यावरूनच आला असं आमच्या मंडळातले जुने लोक सांगतात. साथीला ढोल, बासरी आणि हातात मावणाऱ्या झांजा, तेबिरागाने. मी त्या घेतल्या, कारण लहानपणी भजनात टाळ धरलेला. पण तोच हात आड आला. आपल्याकडे अभंग शेवटाला चढतो, टाळ धावतो. इथे ढोल धावला तरी झांजेने धावायचं नाही. आमचे गुरुजी बोलून काही शिकवत नाहीत. सत्तरी ओलांडलेले शेतकरी आहेत. माझा ठेका पुढे गेला की ते माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवायचे, बस. दोन हिवाळे त्या दोन बोटांत गेले.

ताई, आता जे सांगतो ते मुलाला थोडं मोठा झाल्यावर सांगा. ११ मार्च २०११ ला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी कारखान्यात होतो. आपला भाग डोंगराच्या आत, आमची भांडी फुटली, वीज गेली, एवढंच. किनाऱ्यावर काय झालं ते जगाने पाहिलं. मी तेव्हा मंडळात नव्हतो, पण नंतरच्या एका ओबोनला, म्हणजे ऑगस्टच्या मध्यात पितर घरी येतात त्या दिवसांत, किनाऱ्यावरच्या एका गावाने आमच्या मंडळाला बोलावलं आणि मी झांजा घेऊन गेलो. घरांचे नुसते चौथरे उरले होते, मध्ये गवत. लाउडस्पीकर नाही, प्रेक्षक म्हणावेत असे तीस-चाळीस जण. एका बाईंनी आम्हाला त्यांच्या चौथऱ्यावर नाचायला सांगितलं. सुरू होण्याआधी त्यांनी एका कोपऱ्यात उदबत्त्या लावल्या आणि म्हणाल्या, इथे आमचं देवघर होतं. त्या दिवशी माझा ठेका पुढे गेला नाही. गुरुजींनी बोटं ठेवली नाहीत.

ऑगस्टच्या सुरुवातीला किताकामीत मिचिनोकु गेइनो मात्सुरी होते, मशालींच्या उजेडात कितीतरी मंडळं एकत्र नाचतात, ते तुम्ही कदाचित यंदा पाहिलंही असेल. २०२२ मध्ये युनेस्कोने फुऱ्यू-ओदोरी या नावाखाली जपानातल्या २४ प्रांतांतले ४१ नाच यादीत घेतले. त्यांत इवातेतले दोन, आपलं ओनी-केनबाई आणि मोरिओकातल्या नागाइचं दाइ-नेनबुत्सु-केनबाई. यादीत आलं म्हणून आम्हाला आनंद झालाच. पण मुलगा शाळेत शिकतोय तो नाच त्या चौथऱ्यावरचा आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक असावं, म्हणून एवढं लिहिलं.

कितीही दमलेलो असलो तरी आमच्या मंडळात मुखवटा जमिनीवर ठेवत नाही, आणि नाच झाला की कापडात गुंडाळून ठेवतो. तुमचा कागदाचा असला तरी तसं केलंत तर मुलालाही बरं वाटेल. आणि सासूबाईंना एकदा किताकामीच्या ‘ओनी नो याकाता’ संग्रहालयात घेऊन जा. जगभरचे मुखवटे आहेत तिथे.

कामिशिबाईचं उद्या लिहितो. फक्त एवढंच: कृपा करून मोमोतारो घेऊ नका.

---

रानजाई

उत्तरवारा दादा, हे मी रात्री साडेदहाला सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. चौथऱ्यापाशी दोघींनाही थांबावं लागलं. मग त्यांनी स्वतःच कपाट उघडलं, चष्मा लावून कपाळ तपासलं आणि म्हणाल्या, “शिंगं नाहीत खरंच.” धोमचं त्यांना फार पटलं. त्यांचं लग्न धोमलाच लागलं होतं म्हणे, हे मला आज कळतंय! मुखवटा आता त्यांच्याच एका जुन्या सुती ओढणीत गुंडाळलेला आहे. भिंतीवर मात्र अजून नाही.

दौत ताई, पंज्याची गोष्ट मुलाने आधीच शाळेत ऐकली होती, पण आईला माहीत आहे म्हटल्यावर त्याचा माझ्याबद्दलचा आदर वाढला.

मोमोतारो का नको? मी त्याचीच तालीम सुरू केली होती.

---

तळकोकण

मी कामिशिबाई पाहिलेली नाही, पण वाचताच पिंगुळीची चित्रकथी आठवली. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर आदिवासी मंडळी चित्रांची पोथी पुढ्यात घेऊन एकेक चित्र दाखवत रामायण-महाभारतातल्या कथा गातात. हे काम जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. लहानपणी देवळात ऐकली आहे. मला आठवतं ते हे की सांगणारा चित्राकडे बघायचा, आमच्याकडे नाही. त्यामुळे आम्हीही चित्राकडेच बघायचो. रानजाई ताईंना हे उपयोगी पडेल का ते उत्तरवारांनी सांगावं.

---

उत्तरवारा

तळकोकण, उपयोगी म्हणजे काय, तेच तर मुख्य आहे. इथेही कामिशिबाईच्या आधी शेकडो वर्षं भिक्खू चित्रांचे पट उलगडून कथा सांगत, त्याला एतोकी म्हणतात. वाचणाऱ्याने फार अभिनय केला की मुलं त्याच्या तोंडाकडे बघतात आणि चित्र मरतं.

मोमोतारो का नको ते सांगतो. दौत ताईंची कारणं मला कळतात, आणि दुसऱ्या कुठल्या दिवशी मीही तीच गोष्ट सांगेन. पण तुमचा क्रम बघा. आधी आठ मुलं ओनीचे मुखवटे घालून बुद्धाच्या रूपात नाचणार. ती घाम पुसत खाली येऊन बसणार. आणि लगेच त्यांची आई-मावशी त्यांना ओनींच्या बेटावर जाऊन ओनींना झोडपून खजिना आणल्याची गोष्ट सांगणार! कुणी काही बोलणार नाही, इथे कुणी बोलत नाही. पण पुढच्या रांगेत माझ्या गुरुजींसारखे कुणी बसले असतील तर त्यांना ते खुपेल. आणखी एक. युद्धाच्या काळात मोमोतारोला सैनिक करून शत्रूला ओनी दाखवलं गेलं, कामिशिबाईसुद्धा सरकारी प्रचाराला जुंपली गेली. नव्वदीच्या आसपासची माणसं तुमच्या प्रेक्षकांत असतील. त्यांनी लहानपणी ती ऐकलेली असू शकते.

कप्पाची गोष्ट इथली आहे, म्हणजे शेजारच्या तोनो गावची. तळ्यातलं ते पोर सगळ्यांचं लाडकं. पण कप्पाच्या गोष्टींत बोलीभाषा फार येते आणि तिथे एन थ्री पुरणार नाही.

कासा-जिझो घ्या. वर्षाचा शेवटचा दिवस, घरात तांदूळ नाही, म्हातारा गवताच्या टोप्या विणून बाजारात नेतो, एकही खपत नाही. परतताना बर्फात सहा जिझो उभे. तो त्यांच्या डोक्यावरचं बर्फ झाडून पाच टोप्या घालतो, सहाव्याला कमी पडते म्हणून स्वतःच्या डोक्याचं फडकं सोडून बांधतो. घरी येऊन सांगतो तर म्हातारी म्हणते, बरं केलंत. मला ही गोष्ट आवडते ती या म्हातारीमुळे. रिकाम्या हाताने आलेल्या नवऱ्याला ती एक शब्द बोलत नाही. रात्री दारात काहीतरी धपकन पडतं. तांदूळ, मोची (तांदळाचे चिकट गोळे), मासे. आणि बर्फातून सहा पाठमोऱ्या आकृत्या परत जाताना दिसतात, एकाच्या डोक्याला फडकं.

जिझो म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्व. सहा का, तर जीव जन्म घेतो त्या सहा गतींसाठी एकेक. तुमच्याकडे स्मशानाच्या वाटेवर रांगेने सहा उभे दिसतील, गळ्यात लाल लाळेरी. मूल गमावलेले आईबाप ती बांधतात. म्हणजे आधीचा नाचही गेलेल्यांसाठी, आणि गोष्टीतला देवही त्यांनाच सांभाळणारा. कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

आता हाताचं काम. संचात १२ किंवा १६ पत्रे, म्हणजे ते चित्रांचे जाड कागद, असतात. पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या पत्र्याच्या पाठीवर असतो, कारण पत्रा ओढून मागे घातला की त्याची पाठ तुमच्यासमोर येते. म्हणून क्रम घरी तीनदा तपासा. माझ्या पहिल्या खेपेला एक पत्रा उलटसुलट झाला आणि टोप्या घालण्याआधीच जिझो टोप्या घालून उभे राहिले. मुलं गप्पच झाली. ते गप्प होणं मला अजून आठवतं.

पत्रा भर्रकन ओढू नका. काही ठिकाणी मजकुरात अर्धाच ओढायची खूण असेल. तिथे अर्धं जुनं चित्र आणि अर्धं नवं एकत्र दिसतं, तिथेच खरी गंमत आहे. मराठी प्रत्येक पत्र्याला दोन वाक्यं, त्याहून जास्त नको. आणि शेवटच्या दोन चित्रांना मराठी बोलूच नका. नुसतं जपानी, मग थांबा, मग चौकटीचं दार बंद करा.

सुरू करण्याआधी लाकडाच्या दोन ठोकळ्या वाजवतात, ह्योशिगी. ग्रंथालयात मागा. १९३० च्या सुमारास तोक्योच्या गल्ल्यांत कामिशिबाईवाले सायकलवर चौकट बांधून यायचे, ठोकळ्या वाजवून पोरं जमवायचे, आधी गोळ्या-मिठाई विकायचे आणि मग गोष्ट सांगायचे. त्या विक्रीवरच त्यांचं पोट. टीव्ही आला आणि ते संपलं. पंचाहत्तरीच्या पुढच्या आज्यांनी तो आवाज लहानपणी ऐकलेला असेल. ठोकळ्या वाजल्या की त्यांच्या चेहऱ्याकडे बघा.

शेवटचं. आपली कहाणी ‘आटपाट नगर होतं’ने उघडते आणि ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ने मिटते ना? तोनोच्या सांगणाऱ्या बायकाही तसंच करतात. सुरुवात ‘मुकाशी, आत्ता झु मो ना’, कोणे एके काळी होतं म्हणे. शेवट ‘दोन्दोहारे’. हा शब्द आला की गोष्ट मिटली. १९१० मध्ये यानागिता कुनिओ यांनी सासाकी किझेन या तोनोच्या तरुणाकडून ऐकलेल्या ११९ नोंदी छापल्या, तेव्हापासून त्या गावचं नाव जपानभर झालं, पण ते शब्द मात्र अजून चुलीपाशी बसून सांगणाऱ्या बायकांच्या तोंडचेच आहेत. तुम्ही जपानी भाग त्यांच्या शब्दांनी उघडा-मिटा आणि मराठी भाग आपल्या. तुमची भाषा कुणाला कळली नाही तरी गोष्ट उघडली आणि मिटली हे सगळ्यांना कळेल.

---

दौत

उत्तरवारा, क्रमाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. माझी सूचना मागे घेते. रानजाई, ‘दोन्दोहारे’ म्हणताना ‘हा’वर जोर देऊ नका, सगळं एका पातळीवर. रेकॉर्ड करून पाठवलंत तर ऐकेन.

---

मोहफूल

एक छोटीशी गोष्ट. आमची आजी गोंदियाकडची. दिवसा गोष्ट सांग म्हटलं की म्हणायची, दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो. रानजाई ताईंचा कार्यक्रम दुपारी आहे, म्हणून आठवलं. जपानात असं काही आहे का?

---

उत्तरवारा

मोहफूल, आहे! तोहोकूत, म्हणजे आपल्या या उत्तरेकडच्या भागात म्हणतात, दिवसा गोष्ट सांगितली तर उंदीर हसतात. कारण दोन्हीकडे एकच असावं, दिवस शेतातल्या कामाचा. उत्सवाच्या दिवशी शेतात कुणी नसतं, त्यामुळे ताईंच्या मामांना धोका नाही.

---

रानजाई

कार्यक्रम होऊन चार दिवस झाले. सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सकाळी गारठा होता, केंद्राच्या दारात शेवंतीच्या कुंड्या, एकेका फुलाला आधाराची तारेची रिंगण. सासूबाई नऊवारीवर नवऱ्याचा जाड स्वेटर घालून पहिल्या रांगेत. मुलांच्या नाचाला शाळेतली मुलंच ढोल वाजवत होती. झांजा सुरू झाल्या आणि सासूबाईंनी माझा हात धरला. “टाळ गं,” म्हणाल्या. मग पूर्ण वेळ मांडीवर ठेका धरून होत्या. निळ्या मुखवट्याने एकदा पाऊल चुकवलं, तिसऱ्या वळणावर, आणि पुढच्याच पावलाला इतकं जोरात आपटलं की स्टेजची फळी वाजली.

नंतर आत मुलं मुखवटे काढत होती, लाल गाल, ओले केस. सासूबाईंनी पिशवीतून पुडी काढली. मीठ-मोहरी, घरूनच बांधून आणलेली! मला न सांगता. नातवाला उभं करून दृष्ट काढली. बाकी सात मुलं बघत राहिली. त्यांतल्या एकाच्या आजीने मला हळूच विचारलं, हे काय. मला ‘दृष्ट’ला जपानी शब्द सुचेना. मी म्हटलं, मीठ आहे. त्यांनी लगेच मान हलवली. इथे अंत्यविधीहून आल्यावर अंगावर मीठ टाकतात, सुमो पैलवान आखाड्यात टाकतात, त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी आपल्या नातवाचे खांदे धरून त्याला पुढे केलं. मग आठही जण रांगेत. सासूबाई प्रत्येकाभोवती मूठ फिरवत ‘आल्यागेल्याची, पापी चांडाळाची’ पुटपुटत होत्या आणि ती मुलं नाच संपल्यावर गुरुजींसमोर उभी राहतात तशी हात बाजूला लावून ताठ उभी.

कामिशिबाई ठीक झाली. ठोकळ्या वाजवल्या आणि उत्तरवारा दादांनी सांगितलं तसं मागच्या रांगेकडे बघितलं. एक आजोबा जागेवर सरळ बसले. मराठी दोन वाक्यं, दोन वाक्यं. फडकं बांधण्याच्या चित्राला अर्धा पत्रा ओढून थांबले, तिथे एक छोटी मुलगी ‘त्याचं डोकं भिजेल’ म्हणाली. शेवटच्या दोन चित्रांना मराठी बोलले नाही. जीभ शिवशिवत होती, पण नाही बोलले. ‘दोन्दोहारे’ म्हटलं तर मागून दोन-तीन बायकांनी माझ्याबरोबरच म्हटलं. मग मी ‘साठा उत्तराची कहाणी’ म्हटलं, आणि पहिल्या रांगेतून एकट्या सासूबाईंनी ‘सुफळ संपूर्ण’ केलं.

मुखवटा हॉलमध्ये परत लागला आहे. भाड्याचं घर, खिळा चालत नाही, चिकटवायचा हुक आणला. देव्हाऱ्याच्या समोर नाही, शेजारच्या भिंतीवर. जागा सासूबाईंनीच दाखवली.

दादा, आता मुलाचा प्रश्न. फेब्रुवारीत शाळेत ‘ओनी वा सोतो’ म्हणत दाणे फेकायचे आहेत. तो विचारतोय, मी ओनी आहे तर मी कुणाला फेकू?

---

उत्तरवारा

त्याला सांगा, नारा प्रांतात योशिनोच्या डोंगरावर किनपुसेनजी नावाचं देऊळ आहे. एन नो ग्योजा या तपस्व्याशी ते जोडलेलं आहे, आणि आपल्या केनबाईची सुरुवातही त्याच्याच नावाने सांगतात. झेनकी आणि गोकी हे दोन ओनी त्याचे सोबती होते. त्या देवळात सेत्सुबुनला म्हणतात, ‘फुकु वा उचि, ओनी मो उचि’. सुख आत, ओनीही आत. घरी त्याने तसं म्हणावं. शाळेत सगळे म्हणतील ते म्हणावं.

आणि एक. इकडे उत्तरेला सोयाबीनऐवजी टरफलासकट भुईमुगाच्या शेंगा फेकतात. बर्फात पडल्या तरी सापडतात, सोलून खाता येतात. जानेवारीच्या शेवटी सुपरमार्केटात पिशव्या लागतील. दोन घ्या, एक फेकायला कमी पडते.